आमचे केळुसकर कोण?

आमच्या महाविद्यालयात पहिला तास सकाळी सव्वासातला सुरू होतो. पिंपरी-चिंचवडमध्ये सकाळचे महाविद्यालय म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. समोर बसलेल्यांपैकी कोणी भोसरीच्या वर्कशॉपमधून रात्रपाळी करून तसाच आलेला असतो. कोणाला तास संपल्याबरोबर दुसऱ्या पाळीसाठी चाकणची बस गाठायची असते. डोळे उघडे असले तरी ते फळ्याकडे असतातच असे नाही. अशा वर्गाला मी इतिहास शिकवतो.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेबांच्या शिक्षणाचा भाग चालू होता. केळुसकर गुरुजी, सयाजीराव महाराज, कोलंबिया, लंडन ही माळ मी गेली काही वर्षे अशीच ओढत आलो आहे. तास संपता संपता तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बाबासाहेबांना केळुसकर भेटले. आमचे केळुसकर कोण?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि 'अत्त दीप भव' असे काहीसे सांगून हजेरीपुस्तक मिटले. तथागतांचे वचन मी त्या दिवशी पळवाट म्हणून वापरले, याची मला आजही लाज वाटते. आठवड्याभराने ती मुलगी वर्गात दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले की चाकणला एका ठेकेदाराकडे ती पॅकिंगच्या कामाला लागली आहे.

तो प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असा माझा दावा नाही. पण बाबासाहेबांना जी माणसे भेटली त्यांनी नेमके काय केले आणि काय केले नाही, हे एकदा नीट तपासून पाहावे असे मला वाटू लागले. आपण त्यांच्या शिक्षणाची कथा इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यातील माणसे आता भिंतीवरच्या तसबिरींसारखी झाली आहेत. त्यांना हार घातला जातो, प्रश्न विचारला जात नाही.

सुरुवात केळुसकरांपासून नव्हे, सुभेदार रामजींपासून केली पाहिजे. परळच्या चाळीतली एक खोली, तीच स्वयंपाकघर, तीच अभ्यासिका. पहाटे दोनला मुलाला उठवणारा बाप. मुलाला पुस्तक हवे झाले की लग्न झालेल्या मुलींच्या दारी जाऊन त्यांचा एखादा दागिना मागून आणणारा आणि तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेणारा बाप. निवृत्तिवेतन आले की दागिना सोडवायचा, पुढच्या पुस्तकाला पुन्हा ठेवायचा. आपल्या चरित्रग्रंथांत याला 'पितृप्रेम' म्हणतात. मला ते अपुरे वाटते. ज्या समाजाला शेकडो वर्षे अक्षरबंदी होती, त्या समाजातील एका निवृत्त सैनिकाला पुस्तक आणि सोने यांतील मोठे काय, हे कोणत्याही विद्यापीठात न जाता कळले होते. आणि त्या बहिणी? ज्यांनी दागिने काढून दिले त्यांची नावे किती विद्यार्थ्यांना माहीत आहेत? मंजुळा आणि तुळसा. उच्च शिक्षणाच्या इतिहासात त्यांना जागा नाही, कारण त्या कोणत्याही संस्थेच्या विश्वस्त नव्हत्या.

आता केळुसकर. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक; शिवाजी महाराज आणि तुकाराम यांचे चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा एकटाच पुस्तक वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि तीत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, असे चरित्रकार सांगतात. पण स्वतः बाबासाहेबांची आठवण थोडी निराळी आहे. १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी एक प्रस्तावना लिहिली. ती तेव्हा ग्रंथात छापली गेली नाही. तीत ते म्हणतात की सत्कार इंग्रजी चौथी झाल्यावर ठरला. वस्तीतल्या लोकांना ती केवढी तरी मजल वाटत होती. रामजींनी साफ नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. मग लोक दादा केळुसकरांकडे गेले. ते रामजींचे स्नेही. त्यांनी शब्द टाकला तेव्हा रामजी राजी झाले, आणि या आठवणीप्रमाणे सभेचे अध्यक्षस्थानही केळुसकरांकडेच होते.

मॅट्रिक की इंग्रजी चौथी, हा तपशील इतिहासाच्या विद्यार्थ्याने सोडून देऊ नये. मात्र मला दोन्ही हकिकतींत जे समान आहे ते अधिक महत्त्वाचे वाटते. शिक्षकाने विद्यार्थ्याला आशीर्वाद दिला नाही, उपदेश केला नाही. पुस्तक दिले. आणि त्या पुस्तकाने काय केले? ते वाचून मुलगा बापाशी भांडला! आम्हाला बौद्ध वाङ्मयाची ओळख तुम्ही का करून दिली नाही, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारी रामायण-महाभारते आमच्याकडून का वाचून घेतलीत, असे त्याने रामजींना विचारले. रामजी कबीरपंथी, धार्मिक वृत्तीचे. आपण अस्पृश्य असल्याने न्यूनगंड येतो, तो जावा म्हणून मी ते वाचायला लावले, असे त्यांचे उत्तर होते. मुलाचे समाधान झाले नाही. केळुसकरांचे पुस्तक घरात आले आणि घरातला पहिला वाद झाला. हे पुस्तक १८९८ सालचे. तो वाद त्याच्या पुढच्या दशकातला. आणि धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्या पुस्तकाचे त्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे कोणते मूल्यमापन मोजणार आहे? आमच्याकडे हल्ली प्रत्येक अभ्यासक्रमाची 'फलनिष्पत्ती' लिहून द्यावी लागते. सहा महिन्यांच्या सत्राअखेर ती दिसली पाहिजे, असा दंडक आहे. केळुसकर या तपासणीत नापास झाले असते.

केळुसकरांनी दुसरेही एक काम केले, आणि ते पुस्तकाइतकेच मोलाचे होते. इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण थांबते असे दिसताच ते या मुलाला घेऊन सयाजीरावांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातल्या प्रा. म्यूलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. अंगावर धड कपडा नसलेल्या मुलाला वर्गात बसताना काय वाटते हे ज्याला माहीत आहे, त्याला म्यूलरसाहेबांच्या त्या कपड्यांचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. याच काळात, याच शिक्षणव्यवस्थेत दुसरीही माणसे होती. शाळेत संस्कृत शिकवण्यास नकार देणारा शिक्षक होता. त्यामुळे या मुलाला फारसी घ्यावी लागली आणि संस्कृत पुढे स्वतःच्या बळावर शिकावे लागले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसवणारे, पाणी न देणारे होते. आणि त्याच साताऱ्यात आपल्या डब्यातली भाजी-भाकरी देणारे आंबेडकर गुरुजीही होते. गोलमेज परिषदेला निघताना त्यांचे आलेले पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले होते. पाठ्यपुस्तकांना डब्याची गोष्ट फार आवडते. गोणपाटाची गोष्ट त्यांना तितकीशी आवडत नाही. एका चांगल्या शिक्षकाच्या आठवणीने व्यवस्थेची सुटका करून घेण्याची ही जुनी रीत आहे. आपण दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत.

१९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. जूनमध्ये त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला होता: शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंड. म्हणजे उच्च शिक्षणाचा 'हेतू' कागदावर ठरलेला होता. शिकून यायचे ते बडोद्याच्या कारभारात काम करण्यासाठी. आमच्या मुलांचा हेतूही असाच आधी ठरलेला असतो; करार लिहिलेला नसतो इतकेच.

कोलंबियात त्यांनी काय केले? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, ते अपेक्षितच होते. पण त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४. ज्या मुलाला आपल्या देशात एका वर्गात नीट बसू दिले नव्हते, तो तिथे दिसेल त्या वर्गात जाऊन बसत होता. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन ही त्याच्या प्राध्यापकांची नावे. कोलंबियातील काही सहाध्यायी आणि हे प्राध्यापक हेच आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम मित्र, असे त्यांनी १९३० साली लिहिले. मित्र! गुरू नव्हे. आपल्याकडे गुरू म्हटले की पायांवर डोके आले, आणि आपल्या वाट्याला तर अंगठाही आला. एकलव्याचे उदाहरण देऊन देऊन आपण गुळगुळीत केले आहे म्हणून मी ते वाढवत नाही. पण एवढे खरे की प्राध्यापकाला मित्र म्हणता येणे, ही त्या मुलासाठी एम. ए. आणि पीएच. डी.इतकीच मोठी पदवी होती.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५. जातीसंबंधी पाश्चात्त्य पंडितांनी मांडलेल्या व्याख्या त्या निबंधात एकेक करून तपासल्या आहेत आणि त्यांतील उणिवा दाखवल्या आहेत. ज्या जातीने आपल्याला गोणपाटावर बसवले तिला आता त्यांनी टेबलावर घेतले होते. हा विषय सेलिग्मननी दिलेला नव्हता, महाराजांच्या करारातही तो नव्हता. वर्ग त्यांचा, साधने त्यांची; प्रश्न मात्र याने महूपासून, सातारा-परळपासून बरोबर नेला होता.

ड्यूईंचे ऋण बाबासाहेबांनी कधी लपवले नाही. १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या त्या प्रसिद्ध, आणि लाहोरच्या मंडळाने रद्द केल्यामुळे कधीच न झालेल्या, भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केला आहे. समाजाने भूतकाळातले सगळेच ओझे पुढे वाहून न्यायचे नसते, त्यातले काय टिकवायचे ते निवडायचे असते, हा त्यांचा विचार तेथे त्यांनी जातीच्या विरोधात उभा केला. ड्यूई वर्गात कसे बोलत, कसे वावरत याची नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरही मजेत करून दाखवत, अशी आठवण माईसाहेबांनी सांगितली आहे. १९५२ च्या ५ जूनला कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती घ्यायला जाताना ड्यूईंना भेटायचे त्यांच्या मनात होते. १ जूनला ड्यूई वारले. आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्यांना देणे लागतो, असे बाबासाहेबांनी तेव्हा पत्रातून घरी कळवले.

पण मला सेलिग्मनही तितकेच महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांनी केलेले काम रुक्ष होते. ते पत्रे लिहीत. १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सेलिग्मननी तेथील प्रा. फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थकारणावरचा प्रबंध पुस्तकरूपाने आला, त्यालाही प्रस्तावना सेलिग्मनची. आणि लंडनचे कॅनन तर आणखी वेगळे. 'रुपयाचा प्रश्न' या १९२३ च्या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत लेखकाशी आपले मतभेद आहेत हे मोकळेपणी नोंदवले. तरीही या मांडणीत उत्तेजक ताजेपणा आहे, असे म्हटले. त्याच प्रबंधातील ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली आणि काही भाग पुन्हा लिहावा लागला, असे चरित्रकार सांगतात. ती पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे कॅननच्या मतभेदाची किंमत कळते. विद्यार्थ्याशी असहमत राहून त्याच्या पुस्तकाला आपले नाव देणारे किती प्राध्यापक आज आपल्या विद्यापीठांत आहेत? मी विद्यार्थी असताना एका प्राध्यापकांशी वर्गात मतभेद व्यक्त केला, तेव्हा "तुमच्यासाठी आय. टी. आय. बरी होती" असे मला ऐकावे लागले. आय. टी. आय. वाईट नाही, माझा थोरला भाऊ तेथेच शिकला. पण वाक्य 'तुमच्यासाठी' या शब्दावर उभे होते.

आता बडोदे. या कथेतील हा भाग वर्गात शिकवताना आपण लवकर संपवतो, कारण तो फार दुखतो. मला वाटते, तिथेच थांबले पाहिजे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेब परतले. पुस्तके व कागदपत्रे ज्या जहाजाने निघाली ते जहाज युद्धात बुडाले. कराराप्रमाणे ते बडोद्यात चाकरीला गेले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, प्यायला पाणी नव्हते. राहायला जागा मिळेना. केळुसकरांनी तेथल्या एका प्राध्यापकांकडे सोय लावून पाहिली, तीही फिसकटली. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाचा पदवीधर एका बागेत झाडाखाली बसून रडला.

न्यूयॉर्कला पाठवणाऱ्या राजाला आपल्याच राजधानीत या माणसाला एक खोली देता आली नाही. सयाजीराव अनुदार होते असे मी म्हणणार नाही. ते उदार होते म्हणूनच ही घटना इतकी बोलकी आहे. एकट्या दात्याचे औदार्य कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे संपते, याची हद्द त्या बागेतल्या झाडापाशी आखली गेली. केळुसकरांच्या पुस्तकाने प्रश्न दिला, कोलंबियाने साधने दिली. पण शिकायचे कशासाठी याचे उत्तर बडोद्याच्या जमावाने दिले. मार्गदर्शक जीवनहेतू देतात हे विधान मला म्हणूनच अर्धे वाटते. हेतू माणसाच्या जखमेतून येतो. मार्गदर्शकाचे काम ती जखम वाचायला शिकवण्याचे. नाहीतर तीच जखम माणसाला गप्प करते, लाचार करते, किंवा स्वतःच्या वस्तीपासून पळायला लावते. अशी पळालेली, वस्तीचे नाव न घेणारी शिकलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

हे आपल्या इतिहासात प्रथमच घडत होते असेही नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शिकून जेमतेम तीन वर्षे झालेली मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते आणि आमचा धर्म कोणता ते सांग, असा सवाल देवालाच घालते. शिक्षकांनी तिला अक्षरे दिली होती. दुःख तिचे स्वतःचे होते. आणि खुद्द जोतीरावांची शाळा सुटली होती तेव्हा गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले म्हणून ती पुन्हा सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी घरी जाऊन बापाशी बोललेले आहे, हे मला हा लेख लिहू लागेपर्यंत जाणवले नव्हते.

बाबासाहेबांचे वेगळेपण असे की आपल्याला जे योगायोगाने मिळाले ते इतरांना योगायोगावर सोडायचे नाही, असे त्यांनी ठरवले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला, निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, दुसरे. त्याची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली.

या नावांकडे पाहा. 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्खू नागसेन उत्तरे देतो. चर्चा सुरू होण्याआधी नागसेन अट घालतात: पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या चर्चेत चूक दाखवली तरी कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतीच्या झाडीला. शिक्षणसंस्थेला विद्यार्थ्याचे नाव द्यायचे आणि शिक्षकाने त्याच्याभोवती सावलीसारखे उभे राहायचे, ही कल्पना दुसऱ्या कोणत्या शिक्षणमहर्षीला सुचली आहे? आपल्याकडे संस्थांना संस्थापकाच्या वडिलांची नावे असतात.

आणि नागसेनवनात तसे शिक्षक उभे राहिलेही. म. भि. चिटणीस जन्माने आपल्यातले नव्हते, पण प्राचार्य म्हणून त्यांनी ते महाविद्यालय घडवले. त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले ते तेथील काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख घेऊन, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या पोरांसमोर त्यांनी ती ठेवली. गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये आणि नंतर विद्यापीठात शिकवत होते. साठीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले 'अस्मितादर्श' त्यांनी २०१८ साली मृत्यू येईपर्यंत जोपासले. ज्याला कोणी ओळखत नाही अशा मुलाची कविता छापून आली की त्या मुलाला आपण कशासाठी शिकतो हे कोणी सांगावे लागत नसे.

यावर कोणी म्हणेल की तो चळवळीचा काळ होता, आज तसे काय आहे? हा प्रश्न मी टाळणार नाही. माझा आजा १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून पिंपरीला आला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून येथे होती, टेल्को आणि बजाज आल्या होत्या, १९७० मध्ये नगरपालिका झाली होती. आजा कायम झाला नाही, पण आमच्या वस्तीतील काही माणसे कायम झाली, आणि कायम कामगाराचा मुलगा शिकू शकतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती सभा पाहिलेली म्हातारी माणसे आमच्या लहानपणी भेटत. ते आमचे विद्यापीठ होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उद्योग चाकणकडे सरकले आणि कायम कामगाराच्या जागी ठेकेदाराचा माणूस आला. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, कंपनी दर काही महिन्यांनी बदलते. शेजारी काम करणाऱ्याचे नाव कळेपर्यंत तो गेलेला असतो. अशा ठिकाणी केळुसकर भेटायचा तर कुठे? बागेत एकट्याने वाचत बसायला मुलाकडे वेळ नाही.

शिक्षकाची अवस्थाही निराळी नाही. मी तासिका तत्त्वावर काम करतो. घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुटीत मिळत नाहीत, दर जूनमध्ये नेमणूक नव्याने व्हावी लागते. माझ्या विद्यार्थ्यांना हे माहीत आहे. एकाने मला सहज विचारले होते, "सर, तुम्ही पण ठेकेदारीतच का?"

तर ती मुलगी. पिंपरीत मिलिंदनगर नावाची वस्ती आहे. त्याच बाजूला ती राहते. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव असलेल्या वस्तीतून तो प्रश्न आला होता, हे मला पुष्कळ दिवसांनी सुचले. दिवाळीच्या आधी मी तिच्या घरी गेलो. शिक्षक घरी आला म्हणून तिची आई घाबरली, काही तक्रार आहे असे तिला वाटले. ती सफाईचे काम करते, तेही ठेक्यावर. तिने चहा केला आणि म्हणाली, "शिकू दे म्हनता, बरोबर हाय. पन सर, शिकून ती काय करंल, ते एकदा सांगा. खरं सांगा." नोकरी लागेल असे मला म्हणता येईना. मी म्हणालो की ते मला सांगता येणार नाही. पण तिने वर्गात जो प्रश्न विचारला तो आजवर मला कोणी विचारला नव्हता. आईने मुलीकडे पाहिले. "काय इचारलंस गं तू?"

त्यानंतर मी जे केले ते फार नाही. कायमच्या रात्रपाळीसाठी तिनेच ठेकेदाराला विचारले, ती मिळाली. सकाळच्या पहिल्या दोन तासांना ती येऊ लागली. हजेरी कमी भरत होती, त्यासाठी प्राचार्यांकडे दोनदा जावे लागले. शिष्यवृत्तीचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावाचून अडला होता, तो तिच्या भावाने तहसीलला खेटे घालून आणला. पैसे अजून आलेले नाहीत. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नाने सुरू झाली, हे मी तिला सांगितले. "मग तेव्हा तरी वेळेवर यायची का?" असे तिने विचारले. मार्चच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. गुण फार नाहीत.

मी तिला दिलेले पहिले पुस्तक शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा १९७९ सालचा पहिला खंड. त्यात १९१६ चा जातींवरचा निबंध आहे. इंग्रजी कठीण जाते म्हणून पाळीच्या मधल्या सुटीत ती एकेक परिच्छेद मोबाईलवर शब्दकोश उघडून वाचते. आतापर्यंत सात पाने झाली आहेत. चौथ्या पानावर तिला एक वाक्य पटले नाही, आणि ते का पटले नाही हे तिने वहीत दीड पान लिहून आणले. मला तिचे म्हणणे चुकीचे वाटते. आमचा वाद अजून मिटलेला नाही. मधल्या काळात तिने 'मिलिंदपञ्ह'चे मराठी भाषांतरही नेले आहे.

येत्या जूनमध्ये माझी नेमणूक पुन्हा होईल की नाही हे ठरायचे आहे. नाही झाली तर पुस्तके कुठे आणून द्यायची, असे तिने परवा विचारले. मी तिला घरचा पत्ता लिहून दिला.